रोड रोलरला वेगळा परवाना, मग मोठ्या बाइकला का नाही?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



बाइकवाल्याचं पत्र म्हटलं की आत काय असणार, हे आपल्या कार्यालयाला पाकीट न फोडताच कळत असेल. खड्डे, चलान, नाक्यावरची अडवणूक. खड्डे ओघात येतीलच, कारण मी पालघर जिल्ह्यात राहतो. पण माझी मागणी उलट्या बाजूची आहे. आम्हा मोठ्या मोटारसायकली चालवणाऱ्यांची आणखी एक परीक्षा घ्या आणि ती कठीण घ्या, एवढं सांगायला हे पत्र लिहितोय.

मी आगाशीचा. विरार स्टेशनवरून अर्नाळ्याच्या वाटेला लागलं की आमची वाडी येते. वडील केळीचे लोंगर सायकलच्या कॅरिअरला बांधून स्टेशनवर नेत. घरात पहिलं इंजिन आलं ते १९९३ मध्ये, मला अठरावं सरलं तेव्हा. दुसऱ्याची वापरलेली यामाहा आरएक्स १००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. बाजारातून गेलो की कुत्री आधी उठायची आणि मग माणसं शिव्या घालायची. त्याच गाडीवर मी परवान्याची परीक्षा दिली. मैदानात चुन्याने आठचा आकडा काढला होता. पाय न टेकवता त्यावरून फिरायचं, डावी-उजवीकडे वळण्याची खूण हाताने करून दाखवायची. संपलं. 'गिअरसहित मोटारसायकल' असा शिक्का परवान्यावर बसला.

२०१९ मध्ये मी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. ६४८ सीसी, ४७ हॉर्सपॉवर, वजन २०० किलोच्या वर. आरएक्सच्या दुप्पट वजन आणि चौपटीहून जास्त ताकद. चावी हातात पडली तेव्हा खिशात परवाना होता तो १९९३ चाच, आठच्या आकड्यावर कमावलेला. कायद्याला तो पुरला. उद्या मी २०० हॉर्सपॉवरची चार सिलिंडरची गाडी आणली तरी तोच पुरेल. काल परवाना काढलेल्या अठरा वर्षांच्या पोराचाही पुरेल.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १०. तिथे परवान्याचे वर्ग दिले आहेत. गिअर नसलेली मोटारसायकल, गिअर असलेली मोटारसायकल, हलकं मोटार वाहन, परिवहन वाहन वगैरे. त्याच यादीत रोड रोलरला स्वतंत्र वर्ग आहे. ताशी पाच-सहा किलोमीटरने सरपटणाऱ्या यंत्राला वेगळा परवाना लागतो आणि पहिल्या गिअरमध्येच शंभरी गाठू शकणाऱ्या मोटारसायकलला लागत नाही. आवाज वाढवलेले आमचे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रस्त्यावर मांडतात आणि रोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो आपणही पेपरात पाहिले असतील. त्या दृश्यात आपण काय चालवतोय याची स्वतंत्र परीक्षा दिलेला माणूस एकच असतो, रोलरचा ड्रायव्हर.

परवान्याचे वर्ग ठरवणं केंद्राच्या हातात आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याच कलमाच्या शेवटी विशिष्ट वर्णनाच्या मोटार वाहनासाठी एक मोकळा रकाना ठेवलेला आहे. म्हणजे वाट बुजलेली नाही. महाराष्ट्राने नीट प्रस्ताव करून पाठवला तर दिल्लीला नवीन कायदा लिहायला बसावं लागेल, असंही दिसत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. इंटरसेप्टर घेऊन दहावा दिवस. भाद्रपद होता. शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलो होतो. पारोळ गेलं, रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. एका उजव्या वळणावर पुढ्यात म्हैस आली. वेग फार नव्हता, साठ असेल. माझ्या उजव्या पायाने पंचवीस वर्षांच्या सवयीने मागचा ब्रेक गच्च दाबला. एबीएसमुळे चाक लॉक झालं नाही, पायाखाली नुसतं धडधडत राहिलं, आणि गाडी थांबेना. डोळे म्हशीवर खिळलेले. मग ते रस्त्याच्या कडेवर गेले, आणि डोळे गेले तिकडे गाडी गेली. बांध ओलांडून मी आणि इंटरसेप्टर खाचरात. मला चिखलाशिवाय काही लागलं नाही. म्हैस होती तिथेच उभी होती.

शेतावरची चार माणसं धावत आली. दोरखंड आणला, एकाने हँडल धरलं, तिघांनी मागून रेटलं आणि गाडी बांधावर काढली. भाताची नासाडी झाली होती, तिचं एक अक्षर कोणी काढलं नाही. एका म्हाताऱ्याने टाकीवरचा चिखल हाताने पुसला, इंजिनाकडे बघितलं आणि विचारलं, "किती ताकद म्हणायची हिची?" मी सांगितलं, सत्तेचाळीस घोडे. तो म्हणाला, "एवढे घोडे, मग थांबली कशी नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर गाडीत नव्हतं. पुढच्या चाकाला मोठी डिस्क होती, तिचा लिव्हर माझ्या चार बोटांखाली होता, आणि मी तो धरलासुद्धा नाही. आमच्या पिढीला गाडी शिकवणाऱ्या प्रत्येक थोरल्या भावाने एकच मंत्र दिला होता: पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील. ड्रम ब्रेकच्या हलक्या गाडीवर, मातीच्या रस्त्यावर तो मंत्र चालून गेला. जड गाडी ब्रेक लावल्यावर पुढे झुकते, सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होऊन नुसतं नावाला जमिनीला टेकलेलं राहतं. त्या क्षणी गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्याच ब्रेकचं. तो झटक्याने ओढायचा नाही, लिंबू पिळावं तसा पिळत न्यायचा, हे मला त्रेचाळिसाव्या-चव्वेचाळिसाव्या वर्षी, पैसे भरून, एका सुट्टीत दुसऱ्या शहरात जाऊन शिकावं लागलं. तिथेच कळलं की वेगात असलेली गाडी डावीकडे वळवायची तर डाव्या हाताने हँडल किंचित पुढे ढकलायचं. सव्वीस वर्षं मी हे नकळत करत होतो. घाबरल्यावर नेमकं उलटं करत होतो. आणि तिथेच कळलं की खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यातच जातो, नजर सुटकेच्या वाटेवर ठेवायची.

आठच्या आकड्यात यातलं काही तपासलं जात नाही. तो तोल तपासतो, तोही चालण्याच्या वेगात. परीक्षा घेणाऱ्या निरीक्षकाला यात बोल लावण्यासारखं काही नाही. त्याच्यापुढे आलेला माणूस पुढे काय विकत घेणार आहे, हे विचारायची सोयच त्याला दिलेली नाही.

रविवारी पहाटे पाचला आपण कधी शिरसाड फाट्यावर आलात तर चहाच्या टपरीजवळ निम्मा वसई तालुका भेटेल. बोरिवली-मीरा रोडकडून आलेली मंडळीही असतात. हेल्मेटमध्ये इंटरकॉम, अंगात जाळीची जॅकेटं, तोंडात वडापाव. कोणी जव्हारला निघालेलं, कोणी तलासरीच्या पारशी ढाब्यावर नाश्त्याला, कोणी सिल्वासाला. हल्ली मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीला रो-रो सुरू झाल्यापासून केळव्याला जाणारे तिकडून पाण्यावरून निघतात, त्यामुळे गर्दी जरा फुटली आहे. यातले बरेचजण आठवडाभर लोकलला लटकणारे. रोजच्या नोकरीला मोठी बाइक नेणं हा आमच्याकडे हौसेचा भाग आहे, सोयीचा नाही. घोडबंदरच्या कोंडीत इंजिनाची धग मांड्या भाजून काढते आणि क्लच दाबून डाव्या हाताला गोळे येतात. मी स्वतः आजही विरार लोकलनेच जातो.

मागच्या हिवाळ्यात त्या टपरीवर एक मुलगा भेटला. बावीस-तेवीसचा असेल. चार सिलिंडरची, हजार सीसीची जुनी गाडी दुसऱ्या राज्यातून आणलेली, टायर मात्र कोरे करकरीत घातलेले. त्या टायरवर रबराचे बारीक केस अजून तसेच होते, फक्त मधला दोन बोटांचा पट्टा घासलेला. याचा अर्थ ओळखणारा लगेच ओळखतो. गाडी सरळ पळवलेली आहे, वळणावर एकदाही नीट कलंडवलेली नाही. मी विचारलं, याआधी कुठली होती? म्हणाला, ॲक्टिव्हा. मधे काही नाही? "मधे काय, काका, परवाना आहे ना." खोटं बोलत नव्हता. वाडी विकली गेली होती, बिल्डरचे पैसे आले होते, आणि मनातली गाडी घ्यायला कायद्याने कुठेही थांबवलं नव्हतं. आमच्या तालुक्यात ही गोष्ट नवी नाही. भातखाचरं आणि मिठागरं गेली, टॉवर आले, आणि पैशातला काही वाटा सायलेन्सरमधून धूर होऊन गेला. २००४ साली 'धूम' आला तेव्हा हे पोरगं रांगत असेल. पण त्यातली हायाबुसा त्याच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर होती.

आमच्या त्या रविवारच्या ग्रुपमधले दोन नंबर आता कोणी उचलत नाही. ग्रुपमधून ते कोणी काढलेलेही नाहीत.

युरोपात परवाना कसा देतात ते आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेलच, मी आठवण करतो. तिथे मोटारसायकलचा परवाना पायऱ्यांनी मिळतो. आधी १२५ सीसीपर्यंत. मग ३५ किलोवॉटपर्यंत. आणि मग दोन वर्षं ती गाडी चालवून, पुन्हा परीक्षा दिली की हवी ती. थेट शेवटच्या पायरीवर चढायचं तर वयाची चोविशी ओलांडावी लागते. जपानात रेघ ४०० सीसीवर आहे, तिच्या पुढच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. ३५ किलोवॉट म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. माझी इंटरसेप्टर बरोब्बर त्या मधल्या पायरीवर बसते. जी गाडी युरोपातल्या मुलाला मधल्या इयत्तेत मिळते, ती मला बालवाडीच्या दाखल्यावर मिळाली.

सीसी मोजणं सरकारला जमत नाही, असं म्हणावं तर तेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच्या वरच्या गाड्यांवर उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. चाळीस टक्के, म्हणजे थेट शीतपेयं आणि खासगी नौकांच्या पंगतीत. आपल्या राज्याचा एकरकमी वाहन करही सीसीप्रमाणे चढतो. शंभरच्या आतल्या दुचाकीला १० टक्के, तीनशेच्या पुढे १२. अडीच लाखांच्या गाडीवर तीस हजार रुपये झाले. मी भरले, कुरकुर न करता भरले. पण कर घेणाऱ्या खिडकीवर दिसलेली सीसी परवान्याच्या खिडकीवर दिसेनाशी होते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

रस्त्यावर आलं की ती पुन्हा दिसेनाशी होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, कोस्टल रोड, अटल सेतू, समृद्धी. कुठेही दुचाकीला प्रवेश नाही. अटल सेतूच्या मनाई यादीत आमच्या बरोबरीला रिक्षा, ट्रॅक्टर आणि जनावरांनी ओढायच्या गाड्या आहेत. शोरूममध्ये नौकेच्या पंगतीला बसवलेली गाडी पथकराच्या नाक्यावर बैलगाडीच्या रांगेत. आमच्या जिल्ह्यातून वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग जातो, तोही आमच्या नशिबी नसणार. गंमत अशी की केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या वेगमर्यादेच्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर मोटारसायकलला ताशी ८० किलोमीटर अशी मर्यादा छापलेली आहे, खाली 'परवानगी असल्यास' अशा टिपेसह. म्हणजे कोणीतरी दार ठेवलं होतं. उघडायचं राहून गेलं.

मग आम्ही कुठून जातो? राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून. जुना आठ नंबर. वर्सोवा पूल, ससूनवघर, मालजीपाडा, चिंचोटी, पेल्हार, खानिवडे. २०२४ पासून घोडबंदर ते अच्छाड या पट्ट्यात काँक्रीटीकरण चाललं. काँक्रीट चांगलंच, त्याला विरोध कोण करील? पण काम चालू असताना नवा थर आणि जुनं डांबर यांच्यात जागोजागी पायरी राहायची. ती पायरी दुचाकीला काय करते, हे कारमधून दिसत नाही. मोटारसायकलचं चाक जमिनीला टेकतं तेवढी जागा तळहाताएवढी. लेन बदलताना ते चाक त्या कडेला तिरकं घासलं की वर चढत नाही, कडेकडेने घसरत राहतं. हँडल हातात असून नसल्यासारखं. मागे कंटेनर. ताशी ८० ने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते आणि विचार करायला तो एकच सेकंद असतो. याशिवाय दिवे न लावता कडेला झोपलेले ट्रेलर, ढाब्यासमोर दुभाजक फोडून केलेली खिंडारं, उलट्या दिशेने येणारे डंपर. हा रस्ता ज्याला माहीत आहे त्याला यातलं काही सांगायला नको.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला तेव्हा हा महामार्ग देशभर गाजला. मागच्या सीटवर पट्टा लावण्याबद्दल नियम कडक झाले, आणि ते योग्यच झालं. पण ज्यांना पट्टाच नसतो त्यांना सर्वात वाईट रस्त्यावर ठेवून सर्वात चांगला रस्ता बंद करायचा, या धोरणाकडे तेव्हाही कोणी वळून पाहिलं नाही.

म्हणून मी हे दोन्ही धागे एकत्र बांधून मागतोय. मोठ्या बाइकचा वेगळा परवाना काढा. त्याची परीक्षा अशी ठेवा की त्यात साठच्या वेगातून ठरलेल्या अंतरात सरळ रेषेत थांबता आलं पाहिजे, अचानक आलेला अडथळा चुकवून पुन्हा आपल्या लेनमध्ये येता आलं पाहिजे, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावता आला पाहिजे, पडलेली गाडी स्वतः उचलता आली पाहिजे. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट नसतील तर परीक्षेलाच बसू देऊ नका. आणि जो ही परीक्षा पास होईल त्याला द्रुतगती मार्ग खुला करा. आधी एकच मार्ग, एकच टप्पा, दिवसाउजेडी, वर्षभर पाहा. सागरी सेतूंवर आडवा वारा असतो, तिथल्या बंदीबद्दल मी वाद घालत नाही. टोल लावा, भरू. दुचाकीला टोल नाही ही सवलत आम्ही कधी मागितली नव्हती. ताशी १२० ने धावणाऱ्या कारांमध्ये ८० ची दुचाकी धोक्याची ठरेल, ही भीती रास्त आहे. पण मग त्याच रस्त्यावर ८० चीच मर्यादा असलेला ट्रक कसा चालतो, तेही एकदा सांगावं. सरसकट सगळ्या ॲक्टिव्हा आणि स्प्लेंडर तिथे सोडा, असं मी म्हणत नाही. ज्याने सिद्ध केलंय त्याला सोडा.

शर्यतीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण आपल्या खात्याकडे आमच्याविषयी येणाऱ्या तक्रारी त्याच असतात. रात्री सनसिटीच्या रस्त्यावर, पहाटे राजोडी-भुईगावच्या किनाऱ्यावर मुलं गाड्या पळवतात. कायद्यात कलम १८९ आहे, शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. अल्पवयीन मुलगा गाडीवर सापडला तर कलम १९९-अ खाली पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. लावा ही कलमं, माझं काही म्हणणं नाही. माझा पुतण्या सापडला तरी लावा. पण ज्याच्या अंगात खरंच वेग आहे अशा मुलाला 'इथे नको, तिथे जा' म्हणायचं तर तिथे म्हणजे कुठे? इरुंगाट्टुकोट्टाईचं सर्किट चेन्नईजवळ, कारी स्पीडवे कोइमतूरला, बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला, तिथे २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. आपल्या राज्यात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, तो विरारहून चारशे किलोमीटरच्या वर. पुण्यात २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीग झाली, स्टेडियम भरलं, माती उचलली, संपलं. चाकणला केटीएम बनते, ट्रायम्फची स्पीड ४०० बनते, जगभर जाते. ज्या राज्यात या गाड्या बनतात त्या राज्यातल्या मुलाला ती नीट पळवायला शिकायची तर त्याने गाडी ट्रकवर चढवून तामिळनाडूला न्यायची.

मी सर्किट मागत नाही. त्याला जमीन लागेल, जमीन म्हटलं की आमच्याकडे दुसरेच लोक जागे होतात. पाचशे मीटर लांबीचं, कुंपणाचं, सपाट डांबरी आवार पुरे. आठवडाभर तिथे परवान्याच्या परीक्षा व्हाव्यात, रविवारी तेच आवार प्रशिक्षणाला द्यावं. आमच्या बारा टक्क्यांतून निघेल एवढा खर्च.

एक आक्षेप आपण काढण्याआधी मीच काढतो. नवा परवाना म्हणजे नवा एजंट. खरं आहे. 'साहेब, सातशे जास्त द्या, मोठ्या गाडीचा शिक्काही घेऊन देतो' हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. त्याला उपाय माणसाच्या हातून परीक्षा काढून घेणं. भोसरीला संगणकीकृत चाचणी मार्ग आहे, तिथे गाडी रेघेवर गेली की यंत्र नोंदवतं. ब्रेकचं अंतर मोजायला तर त्याहून साधं यंत्र लागतं. एवढं करूनही कोणीतरी पळवाट काढील. पण आज पळवाट काढायचीही गरज नाही, कारण वाटेत दारच नाही.

आणखी एक काम आपल्या हातातलं आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. अपघाताच्या आकडेवारीत 'दुचाकी' हा एकच ढीग असतो. त्यात दुधाच्या किटल्या लावलेली स्कूटर आणि २०० हॉर्सपॉवरची गाडी एकाच रकान्यात. वाहनाच्या नोंदणीत सीसी आहे, परवान्याच्या नोंदीत तारीख आहे. दोन्ही जोडून पालघर जिल्ह्यापुरतं एक वर्ष प्रसिद्ध करा: किती सीसीची गाडी, परवाना किती जुना, गाडी घेऊन किती दिवस झाले होते. मला वाटतं ते चुकीचं असेल तर ते आकडेच मला गप्प करतील.

माझा परवाना मी नुकताच नव्याने करून घेतला. वैद्यकीय दाखला लागला, गाडीवर बसून दाखवावं लागलं नाही, कारण कायद्यात तसं नाहीच. आता तो माझ्या साठीपर्यंत वैध आहे. विरारच्या एमएच ४८ च्या कार्यालयात आपण मोठ्या बाइकची पहिली परीक्षा ठेवाल त्या दिवशी यादीत माझं नाव सर्वात वर घाला. १९९३ चा शिक्का मी टेबलावर काढून ठेवतो. नापास झालो तर इंटरसेप्टर आगाशीपर्यंत ढकलत नेईन. दोनशे किलोच्या वर आहे, वाटेत दोन वेळा चहाला थांबावं लागेल.

आपला,
आगाशीचा एक दुचाकीस्वार
ता. वसई, जि. पालघर